सिस्टर कुठे होती?

(स्त्री-आरोग्य शिबिरात कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे 'महासाथ आणि आरोग्यसेवेतल्या स्त्रिया'. विषय फार मोठा आहे. आशा, अंगणवाडीताई, सफाई कामगार, लॅबमधल्या मुली अशा सगळ्याच त्यात येतात. मी आज त्या सगळ्यांबद्दल बोलणार नाही. मी एका वॉर्डाबद्दल बोलणार आहे आणि त्या वॉर्डाविरुद्ध मी स्वतः लिहिलेल्या एका तक्रारीबद्दल. त्या तक्रारीतली प्रत्येक गोष्ट खरी होती. तरीही तिच्यातून जे झालं ते चुकीचं झालं, आणि त्यात आपल्या संघटनेचाही हात होता. म्हणून ते इथेच सांगायला हवं असं मला वाटलं.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. रुग्णालयाचं नाव घेत नाही. नाव घेतलं की आपण म्हणतो, 'हो, तिथे असंच असतं', आणि विषय तिथेच संपतो.

आधी महासाथीच्या अगोदरचा आपल्याकडचा जनरल वॉर्ड आठवा. पेशंट भरती करताना पहिला प्रश्न असतो, 'बरोबर कोण आहे?' बरोबर बहुतेक वेळा बाईच असते. बायको, आई, सून, मुलगी, नाहीतर गावाहून बोलावून घेतलेली नणंद. ती खाटेशेजारी सतरंजी टाकून रात्र काढते. सलाइन संपत आलं की 'सिस्टर, बाटली संपली' म्हणून धावत सांगायला जाते. बेडपॅन देते, अंग पुसते, भरवते, कूस बदलते, रिपोर्ट आणायला चार मजले उतरते. डॉक्टर राउंडला आले की रात्री ताप कितीदा चढला ते तीच सांगते. ज्यांना परवडतं ते ब्युरोतून बारा तासांची बाई लावतात. हे सगळं काम परिचर्येचं आहे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात हेच शिकवतात. पण ते करणारी ही बाई कुठल्याच हजेरीपटावर नसते. तिचा खाडा होतो, तिची पोरं शेजारणीकडे असतात, आणि रुग्णालयाच्या लेखी ती असते 'नातेवाईक'. तीसुद्धा पास असेल तर.

मार्च २०२० मध्ये या बाईला दाराबाहेर काढलं. काढायलाच हवं होतं, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. रोग संसर्गाचा होता, आत येणारी प्रत्येक बाई तो घरी घेऊन गेली असती. पण ती गेल्यावर तिचं काम कोण करणार, हा प्रश्न कुठल्याही बैठकीत निघाला नाही. निदान मी ज्या बैठकांना होते, तिथे तरी नाही. खाटांची चर्चा झाली. ऑक्सिजनची, व्हेंटिलेटरची झाली. रोज संध्याकाळी तक्ते निघत: खाटा एकूण किती, रिकाम्या किती, ऑक्सिजनच्या किती, अतिदक्षतेच्या किती. मी पाहिलेल्या एकाही तक्त्यात परिचारिकांचा रकाना नव्हता. खाट वाढली म्हणजे सोय वाढली, असं आपण सगळ्यांनीच धरून चाललो. वर्तमानपत्रांनी धरलं, आपणही आपल्या निवेदनांत खाटाच मागितल्या.

आमच्या विभागाकडे फाटकावरचं टेबल आलं. नातेवाइकांनी आणलेल्या पिशव्या घ्यायच्या, त्यांवर नाव आणि वॉर्ड लिहायचा आणि आत पाठवायच्या. पिशव्यांत काय असायचं? चार्जर, टॉवेल, चष्मा, कानाचं यंत्र, डबीत ठेवलेली दातांची कवळी. कवळी वेळेवर पोचली नाही तर काय होतं ते मला तिथे कळलं. जेवणाचं ताट वाटलं जातं, म्हातारा माणूस चावू शकत नाही, तासाभराने ताट तसंच उचललं जातं. कागदावर 'आहार दिला' अशी नोंद होते. ती नोंद खोटीही नसते.

आता त्या तक्रारीकडे येते. एप्रिल २०२१. दुसरी लाट भरात होती. आपल्या घरकामगार संघटनेतल्या एका सभासद बाईची आई आमच्याकडे भरती झाली. वय पासष्टच्या आसपास, मधुमेह, ऑक्सिजन लावलेला. मुलगी रोज सकाळी फाटकावर यायची. फोनवर व्हिडिओ कॉल लागला तर आईचं तोंड दिसायचं. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, आईचे ओठ पार फाटलेत. पाणी पाणी करतेय. मला पाच मिनिटं आत सोडा, मी पाणी पाजून लगेच बाहेर येते." मी सोडू शकत नव्हते. मी वॉर्डात फोन केला. दोनदा कुणी उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला आणि 'बघते' म्हणून ठेवला.

ती आई वाचली. अकरा दिवसांनी घरी आली. येताना कमरेखाली मुठीएवढी जखम घेऊन आली. इंग्रजीत बेडसोअर म्हणतात ती. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाडाच्या जागची कातडी मरते आणि मग मांस सडायला लागतं. दर दोन तासांनी कूस बदलली, अंग कोरडं ठेवलं, खाणं-पाणी पोटात गेलं, तर बहुतेक वेळा ही जखम टाळता येते. मधुमेही माणसाची अशी जखम लवकर भरत नाही. मुलीची चार घरची कामं होती, ती दीड महिना आईची मलमपट्टी करत घरी बसली. दोन घरांनी दुसरी बाई ठेवली. जून संपता संपता जंतुसंसर्ग रक्तात भिनून आई गेली. मृत्यूच्या दाखल्यावर कोविडचा उल्लेख नव्हता. त्यामुळे कोविडमृत्यूंच्या मोजणीत ती नाही.

मुलगी संघटनेत आली. आपली बैठक झाली, सगळ्यांचा संताप झाला, आणि तक्रार लिहायचं काम माझ्याकडे आलं. रुग्णालयातली कर्मचारी असून मी ते लिहिलं, याचा मला तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता. त्यात मी वाक्य घातलं: 'संबंधित परिचारिकेच्या निष्काळजीपणामुळे'. हे शब्द माझे आहेत. मुलीने सांगितलेल्या हकिकतीत ते नव्हते.

चौकशी झाली. केसपेपर काढले. कूस बदलल्याची नोंद करायचा एक तक्ता असतो, त्यातले बरेच रकाने कोरे होते. अकरापैकी सहा रात्री एकाच परिचारिकेच्या सह्या होत्या. ती तीन महिन्यांच्या करारावर घेतलेली होती. कायम नोकरीतल्या परिचारिकेला काढायचं तर नोटीस द्यावी लागते, चौकशी अधिकारी नेमावा लागतो, तिची युनियन उभी राहते. करारावरच्या मुलीला एका ओळीच्या पत्राने घरी पाठवता येतं. तसंच पाठवलं. प्रशासनाने आम्हाला कळवलं की आपल्या तक्रारीची दखल घेऊन कारवाई करण्यात आली आहे. आपण ते पत्र बैठकीत वाचलं आणि टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी ती मुलगी माझ्या टेबलापाशी आली. तेवीस वर्षांची, मराठवाड्यातली, जीएनएम होऊन वर्ष झालेलं. भांडायला आली नव्हती. अनुभवाचा दाखला मिळेल का, एवढंच विचारायला आली होती. मी तिला बसवलं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. त्या आजींना मी पाणी पाजलं नाही. पण त्या वेळी मी कुठे होते ते कुणी विचारलंच नाही."

मग मी विचारलं. विचारायला चार महिने उशीर झाला होता, पण विचारलं.

एका रात्रीचं तिने सांगितलं ते असं. वॉर्डात एकेचाळीस पेशंट. ती, आणि बरोबर चार दिवसांपूर्वी रुजू झालेली दुसरी मुलगी. एकच वॉर्डबॉय, तोही निम्मा वेळ सिलिंडरसाठी खाली. बहुतेक पेशंटना स्टिरॉइड चालू, त्याने साखर चढते, म्हणून बोटं टोचून साखर बघायची आणि इन्सुलिन द्यायचं. सगळ्यांचा ऑक्सिजन मोजून लिहायचा. ज्यांचा उतरलाय त्यांना पालथं झोपवायचं. पालथं झोपवणं एकटीने होत नाही, दोघी लागतात, म्हणजे तेवढा वेळ उरलेल्या चाळीस जणांकडे कुणीच नाही. त्या रात्री दोन मृत्यू झाले. देह गुंडाळायला माणूस नव्हता, तेही या दोघींनी केलं. नियमाप्रमाणे करायचं तर एका देहाला पाऊण तास जातो. त्या आजी मास्क ओढून काढत होत्या, तो हिने तीनदा परत बसवला. त्या पाणी मागत होत्या हे हिला समजलंच नाही. त्यांच्या तोंडावर मास्क, हिच्या कानांवर पीपीईची टोपी, शेजारी ऑक्सिजनचा आवाज. "मला वाटलं घाबरल्यात म्हणून काढतायत," ती म्हणाली.

मी घरी जाऊन हिशेब मांडला. दोघींची सहा तासांची पाळी म्हणजे सातशे वीस मिनिटं. एकेचाळीस पेशंट. माणशी साडेसतरा मिनिटं, तीही मृत्यू, सिलिंडर, फोन आणि लिखापढी यांत एक मिनिटही गेलं नाही असं धरून. प्रत्येकाची दोन-दोन तासांनी कूस बदलायची तर एवढ्या वेळातली बहुतेक मिनिटं त्यातच संपतात. मग सुई कोण देणार? तक्त्यातले रकाने कोरे राहिले यात नवल नाही. काही वॉर्डांत ते भरलेले असतात, याचं मला जास्त नवल वाटतं.

तुम्ही म्हणाल, महासाथ होती, असाधारण परिस्थिती होती. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून मी नियम काढून बघितले. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण असं आहे: शिकवणी रुग्णालयात तीन खाटांना एक परिचारिका, साध्या रुग्णालयात पाच खाटांना एक, आणि रजेसाठी वर तीस टक्के जादा. ऐकायला छान वाटतं. आता हे प्रमाण एकूण खाटांवर धरा आणि चाळीस खाटांच्या वॉर्डाला लावा. रोज हजर आठ जणी. तीन पाळ्यांत त्या वाटा. सकाळी तीन, दुपारी तीन, रात्री दोन. म्हणजे सगळी पदं भरलेली आहेत, एकही आजारी नाही, एकीलाही दुसऱ्या वॉर्डात ओढलेलं नाही, तरी रात्री एकीला वीस पेशंट. पदं रिकामी असतील तर काय, ते तुम्ही जाणताच. इतकी वर्षं हे चाललं कसं? खाटेशेजारच्या सतरंजीवर ती दुसरी बाई होती म्हणून चाललं. महासाथीने नवी उणीव निर्माण केली नाही. जी बाई ती फुकटात भरून काढत होती तिला बाहेर काढलं, तेव्हा उणीव उघडी पडली.

हे फक्त आमच्या वॉर्डाचं नव्हतं. जून २०२० मधली जळगावची घटना तुम्हाला आठवत असेल. शासकीय रुग्णालयात भरती असलेली ऐंशी ओलांडलेली एक कोविडग्रस्त आजी बेपत्ता झाली म्हणून शोध चालू होता. आठ दिवसांनी ती त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात मृत सापडली. अधिष्ठात्यांसह काही जणांचं निलंबन झालं. ऑक्सिजनवरच्या म्हाताऱ्या बाईला संडासला न्यायला हात लागतो, ती परत आली की नाही हे बघायला डोळे लागतात. एरवी ते हात आणि डोळे लेकीचे किंवा सुनेचे असतात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. कोविडचे अकरा रुग्ण दगावले. काही दिवसांतच एका वैद्यकीय अधिकारी स्त्रीला आणि तीन परिचारिकांना अटक झाली. कुणाचा किती दोष होता हे कोर्ट ठरवेल, मी त्यात पडत नाही. पण पहिल्या बेड्या कुणाच्या हातात पडल्या ते लक्षात ठेवा.

आणि याच परिचारिकांवर ३ मे २०२० रोजी हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली होती. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलेलं होतं, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून. फुलांचं मला वाईट वाटत नाही. आमच्या काही सिस्टर्सनी त्याचे फोटो अजून ठेवलेत. पण त्याच दिवसांत त्या सहा-सहा तास पीपीईत, पाण्याचा घोट नाही, लघवीला जाता येत नाही, पाळी आलेली असेल तर मोठ्या माणसांचं डायपर बांधून उभ्या होत्या. पीपीईचा विचार करताना पाळीचा विचार कुणी केला नव्हता. घरमालक खोल्या सोडायला सांगत होते. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात सव्वीस परिचारिकांना लागण झाली आणि ते रुग्णालयच बंद करावं लागलं. मे महिन्यात कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपूरच्या शेकडो मुली एकदम गावी निघून गेल्या. तेव्हा लोक म्हणाले, 'पळाल्या'. योद्धा म्हटलं की असं होतं बघा. योद्ध्याने पगार, पाळी, सुरक्षितता यांबद्दल बोलायचं नसतं, आणि गेला तर तो पळालेला असतो.

पगाराचंही थोडक्यात सांगते. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या स्थितीसाठी समिती नेमायला केंद्राला सांगितलं. समितीने म्हटलं, दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्या, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही वीस हजारांखाली जाऊ नका. या शिफारशी होत्या, अंमल राज्यांवर सोडलेला होता. तुमच्या गावातल्या नर्सिंग होममधल्या मुलीला काय मिळतं ते विचारून बघा. तिथली निम्मी 'सिस्टर' मंडळी शिकलेली परिचारिका असते की नाही, तेही विचारा. मे २०२२ च्या अखेरीला राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. ठेकेदारामार्फत भरती नको, ही त्यांची मुख्य मागणी होती. आपल्यापैकी किती संघटना त्यांच्या मांडवात गेल्या? मी गेले नव्हते. पेशंटचे हाल होतात, असं मीही म्हणत होते.

इथे एक आक्षेप मला नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. 'सिस्टर उर्मट असतात, गरीब बाईवर ओरडतात, बाळंतपणात काय काय बोलतात, ते विसरायचं का?' नाही विसरायचं. प्रसूतिगृहातली शिवीगाळ आपण नोंदवली आहे आणि पुढेही नोंदवू. जात बघून हात लावणं, मुसलमान पेशंटला टोमणे मारणं, हे मी त्याच काळात डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते कामाच्या ताणावर ढकलता येत नाही. पण पाणी न पाजणं आणि शिवी देणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मी त्या एकाच शब्दात बसवल्या: निष्काळजीपणा.

चांगली परिचर्या आपल्याकडे होऊच शकत नाही, असंही नाही. अरुणा शानबाग आपल्याला माहीत आहेत. नोव्हेंबर १९७३ मध्ये केईएममध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, त्यानंतर मे २०१५ मध्ये त्या गेल्या तोवर जवळजवळ बेचाळीस वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, तेव्हा इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर बेडसोअर झालेला नाही याचं सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं होतं. मला त्यात मायेइतकंच दुसरंही काही दिसतं. त्या खोलीत कूस बदलायला दर वेळी कुणीतरी मोकळी होती.

त्या घरकामगार मैत्रिणीला मी हे सगळं जाऊन सांगितलं. सांगताना भीती वाटत होती, तिचं माणूस गेलं होतं. तिने ऐकून घेतलं, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ती पोर पण माझ्यासारखीच. कधीपण काढा." नंतर तिने विचारलं, "मग साहेबांवर तक्रार कशी करायची?" याचं उत्तर मला एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

त्यातून आपण आता तक्रारीचा नमुना बदलला आहे. इथे मागच्या टेबलावर प्रती ठेवल्या आहेत. त्यात 'काय घडलं' याच्या खाली लगेच हे प्रश्न आहेत: त्या पाळीत वॉर्डात पेशंट किती होते? परिचारिका किती, त्यांतल्या कायम किती, करारावरच्या किती? नातेवाइकाने कोणकोणती कामं केली, किती तास? पहिली दोन उत्तरं बाईला माहीत नसतात, म्हणून माहितीच्या अधिकारात त्या तारखेचा ड्यूटीचा तक्ता आणि पेशंटची संख्या मागायची. अर्जाचा मसुदा मागच्या पानावर आहे. तिसरं उत्तर बाईलाच माहीत असतं, आणि तेच लिहून घ्यायला आपल्या कार्यकर्त्या कंटाळतात. 'त्यात काय लिहायचं, ते तर करावंच लागतं' असं बाया स्वतःच म्हणतात. तरी लिहून घ्या. सलाइन बघितलं, लिहा. बेडपॅन दिलं, लिहा. रात्री किती वेळा उठली, लिहा. आणि 'संबंधित परिचारिका' हा शब्द लिहायच्या आधी एकदा वॉर्डात जाऊन तिला विचारा.

ती मुलगी आता एका जिल्ह्याच्या गावी खासगी रुग्णालयात काम करते. गेल्या दिवाळीत तिचा फोन आला होता. पगार चौदा हजार, आठवड्यात चार रात्री, अठ्ठावीस खाटांना ती एकटी. मी म्हटलं, "अगं, मग कसं काय सांभाळतेस?"

"नाही मॅडम, इथे तसं बरं चाललंय," ती म्हणाली. "नातेवाईक आत असतात ना."